विंचवाचे बिऱ्हाड केवढे असावे?

आमच्या आईने चार वर्षे जळगावच्या बाहेर पाऊल टाकले नव्हते, आणि त्याचे खरे कारण चारचौघांत सांगायला घरात कोणालाच तोंड नव्हते. आईचे वय ऐंशी. हृदयासाठी ज्या गोळ्या चालू आहेत, त्यांत एक अंगातले जादा पाणी उतरवणारी आहे. ती सकाळी घेतली की पुढचे दोन-तीन तास घटकेघटकेला उठावे लागते. जळगावहून धुळे नव्वदेक किलोमीटर. रस्ता आता चौपदरी झाला आहे, मोटार भरधाव जाते. पण गुडघे न वाकणाऱ्या म्हाताऱ्या बाईने त्या वाटेवर घटकेघटकेला कोठे जावे? ढाब्यामागची पत्र्याची खोली, नाहीतर कपाशीचे शेत. तेव्हा प्रवासाच्या दिवशी आई दोन गोष्टी करी. गोळी घेत नसे आणि पाणी पीत नसे.

हे आम्हांला ठाऊकच नव्हते. अमळनेरला पुतणीच्या लग्नाहून परत येताना तिला धाप लागली, पायांवर सूज चढली, आणि डॉक्टरांनी खोदून विचारले तेव्हा गोष्ट बाहेर आली. "तीन दिवस नाही घेतली," आई म्हणाली. "लग्नाच्या घरात बाई सारखी मोरीकडे पळताना बरी दिसते का?"

त्या दिवसापासून आईचा प्रवास बंद. बाकीचे ठीक होते. पण धुळ्याला तिची थोरली बहीण आहे. मावशीने चौऱ्यांशी ओलांडली. दोघी रोज संध्याकाळी फोनवर बोलतात, हल्ली फोनमध्ये तोंडही दिसते. पण फोन ठेवल्यावर आई बराच वेळ त्या काळ्या काचेकडे बघत बसायची, ते मी पाहत होतो.

अशा वेळी आमचे चिरंजीव पुण्याहून आले आणि म्हणाले, "बाबा, आपण मोटारघर भाड्याने घेऊ."

मोटारघर म्हणजे ज्याला हल्ली कॅरव्हॅन म्हणतात ते. मोटारीच्या पोटातच बिछाना, ओटा, टेबल, बहुधा न्हाणीघर. विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर, ही म्हण आपण फिरत्या नोकरीतल्या माणसाला लावतो. येथे बिऱ्हाड खरोखरच पाठीवर घेऊन हिंडायचे. महाराष्ट्र शासनाने २०२१ साली या पर्यटनाचे धोरण काढले, तेव्हापासून नाशिक-पुणे-मुंबईकडे अशा गाड्या चालकासह भाड्याने मिळू लागल्या आहेत.

आता प्रश्न आला, केवढी घ्यायची? मी बँकेत तीस वर्षे बेरजा केल्या. मी डोकी मोजली. आई, आम्ही दोघे, चिरंजीव, सूनबाई आणि दोन नातवंडे, एकूण सात. वर एखादे पाहुण्याचे, म्हणजे आठ. आठ माणसे निजतील अशी गाडी मागवली. छायाचित्रात ती राजवाड्यासारखी दिसत होती. दोन वातानुकूलन यंत्रे, मखमली बैठक, भिंतीवर दूरदर्शन. बसच्या सांगाड्यावर बांधलेली, तीसपस्तीस फूट लांब. सौभाग्यवती एवढेच म्हणाल्या, "आपल्या गल्लीत पाण्याचा टँकर येत नाही, हा राजवाडा कसा येणार?" मी त्यांच्याकडे दुर्लक्ष केले. संसारात ही चूक मी अनेकदा केली आहे.

राजवाडा आला तो कॉलनीच्या तोंडाशी थांबला. पुढे विजेच्या तारा, डाव्या हाताला लिंबाची फांदी. आईला शंभर पावले चालवत नेले. दाराशी पाहतो तो पहिली पायरी जमिनीपासून दोन फूट वर! जिचे गुडघे वाकत नाहीत तिने दोन फूट पाय कसा उचलावा? शेवटी चिरंजीव आणि चालक यांनी तिला दोन्ही काखांत हात घालून वर घेतले. सारी कॉलनी गॅलऱ्यांत उभी होती. आई काही बोलली नाही. फक्त पदर नीट केला.

आत तिच्यासाठी खास म्हणून ठेवलेला मोठा पलंग गाडीच्या अगदी शेपटाला. गिरणेवरचा बांभोरीचा पूल ओलांडेपर्यंत ठीक चालले. पुढे एका गतिरोधकावर पलंगाने असा उसळा घेतला, की त्यावर ठेवलेला डबा वरच्या फळीला लागून आला. सुदैवाने आई तेव्हा पुढे पट्टा लावून बसली होती. यामागचे गणित मला नंतर कळले. मागच्या चाकांच्या पलीकडे गाडीचा जो भाग लोंबतो, तो झोपाळ्याच्या फळीसारखा असतो. टोकाला बसणाराला सर्वांत मोठा हेलकावा. पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मधला भाग सगळ्यांत स्वस्थ. ज्याची पाठ दुखते, ज्याला मळमळते, त्याची जागा तेथे. आणि मोठ्या गाड्यांत ऐसपैस पलंग असतो तो नेमका शेपटाला.

धुळ्याला पोचलो आणि खरी फजिती झाली. धुळ्याची जुनी वस्ती ज्यांनी पाहिली आहे त्यांना ठाऊक आहे, की तेथल्या गल्ल्यांना नावे नाहीत, नंबर आहेत. इंग्रजांनी खानदेश घेतल्यावर कॅप्टन ब्रिग्ज या अधिकाऱ्याने १८१९ साली धुळे हे मुख्य ठाणे केले आणि पांझरेच्या दक्षिणेला नवी पेठ सरळ रेषेत आखली. आखणी आजही नेटकी दिसते. पण ती घोड्यांच्या आणि बैलगाड्यांच्या मापाने केलेली. आग्रा रोडवर तर दुकानांची गर्दी इतकी, की तेथे आमच्या राजवाड्याला उभे राहायलाही कोणी दिले नसते. गाडी गावाबाहेर हमरस्त्याच्या कडेला लागली आणि आई रिक्षाने मावशीच्या घरी गेली.

म्हणजे ज्याच्यासाठी हा खटाटोप केला ते न्हाणीघर राहिले हमरस्त्यावर आणि आई गल्लीत. मावशीचे घर जुने. संडास मागच्या अंगणात तीन पायऱ्या उतरून, तोही उकिडवे बसायचा. चार वर्षांनी भेटलेल्या दोन बहिणी. मावशी म्हणाली, "कशी शे वं माय?" आणि दोघींनी एकमेकींचे हात धरले ते सोडीनात. आणि पंचवीस मिनिटांनी आई दाराकडे बघू लागली. मावशीने पुढे केलेला पाण्याचा पेला तिने हातात घेतला, नुसता धरून ठेवला, आणि खाली ठेवला. तीन तास गाडी, पंचवीस मिनिटे भेट. परतीच्या वाटेवर राजवाड्यात कोणी दूरदर्शन लावला नाही.

मी हटवादी माणूस आहे. त्या रात्रीच ठरवले की पुन्हा जायचे. पण या वेळी विचार करून.

चूक काय झाली होती? मी डोकी मोजली होती. वास्तविक दिवसाची डोकी वेगळी आणि रात्रीची वेगळी. गाडीत बसणार किती आणि निजणार किती, हे दोन निरनिराळे आकडे आहेत. परदेशात रानावनात गाडी उभी करून तिच्यातच रात्र काढतात, तेथे खाटा मोजणे योग्य. आपल्याकडे? पाळधीला साडू, एरंडोलला मामेसासरे, पारोळ्याला सौ.ची मैत्रीण, धुळ्याला मावशी. खानदेशात आपण गावात येऊन गाडीत निजलो असे जर कोणाला कळले, तर पुढच्या तीन पिढ्या बोलणे बंद होईल! आम्हांला निजायला आठ खाटा नकोच होत्या. आम्हांला हवी होती एकच खाट, तीही दिवसा, एका माणसाला आडवे होण्यासाठी. आणि तिच्या शेजारी एक दार, ज्याला आतून कडी आहे.

या न्हाणीघराची एक गंमत सांगतो. आपल्या मोटार-नियमांत मोटारघर कशाला म्हणावे याची व्याख्या आहे. बसायला आसने व टेबल, निजायची सोय, स्वयंपाकाची सोय आणि सामान ठेवायची जागा, एवढे असले की झाले. या यादीत संडास नाही. तेव्हा नुसते 'मोटारघर' म्हणून गाडी ठरवली आणि आत न्हाणीघर नसले, तर तक्रारीला जागा नाही. आणि असले तरी दार किती रुंद, आत धरायला दांडी आहे की नाही, भांडे चौथऱ्यावर चढवलेले आहे का, हे जाहिरातीत कधीच छापत नाहीत. पहिल्या गाडीतले भांडे वीतभर उंचीच्या चौथऱ्यावर होते. तरुणांना ते लक्षातही येणार नाही.

मग मी गच्चीवर गेलो. नातवाच्या पाटीचा खडू घेतला, फूटपट्टी घेतली, आणि सतरा फूट लांब, साडेसहा फूट रुंद असा चौकोन आखला. त्यात चालकाची जागा, खाट, ओटा, न्हाणीघर यांच्या रेघा मारल्या आणि घरच्यांना म्हणालो, आज संध्याकाळी दोन तास या रेघांच्या आत राहायचे. सौभाग्यवतींनी साफ नकार दिला. सूनबाई हसत हसत आल्या. पहिल्या दहा मिनिटांत कळले, की ओट्याशी एक जण उभा राहिला की दुसऱ्याला न्हाणीघराकडे जाता येत नाही. नातवंडांनी अर्ध्या तासात तीनदा 'भिंत' ओलांडली. आईला खुर्चीवरून उठवून खडूच्या संडासापर्यंत नेऊन पाहिले; मधे काय काय धरायला हवे, ते तिनेच सांगितले. मला वाटते, मोटारघर ठरवण्यापूर्वी प्रत्येकाने हा पोरखेळ करावा. खडूला पैसे पडत नाहीत.

दुसरे काम धुळ्याच्या मावसभावावर सोपवले. त्याने गल्लीची रुंदी मोजून कळवली: सगळ्यांत चिंचोळ्या जागी, विजेच्या खांबापाशी, नऊ फूट चार इंच. आता बसच्या जातीची गाडी आठ-साडेआठ फूट रुंद. कायद्यानेच कमाल २.६ मीटर, म्हणजे साडेआठ फुटांहून किंचित जास्त. वर दोन्ही बाजूंचे आरसे. ती त्या खांबापाशी अडकणारच. उलट ज्याला लोक 'टेम्पो ट्रॅव्हलर' म्हणतात, ती सात फुटांच्या आत-बाहेर. फोर्स मोटर्स, म्हणजे पूर्वीची बजाज टेम्पो, ही गाडी निरनिराळ्या मापांत काढते. पुढच्या-मागच्या चाकांतले अंतर ३०५०, ३३५० आणि ४०२० मिलिमीटर. ढोबळ मानाने दहा फूट, अकरा फूट आणि तेरा फूट. आपल्याकडची बरीच मोटारघरे याच सांगाड्यावर बांधतात. तेरा फुटी मापात चार जण निजू शकतात, पण गल्लीच्या कोपऱ्यावर वळताना जीव मेटाकुटीस येतो. आम्ही दहा फुटी निवडली.

याहून लहानही मिळते. साध्या घरगुती मोटारीत मागे बिछाना आणि बाजूला शेगडी. नवरा-बायकोने तोरणमाळला जायचे, तर तिच्याइतकी सोयीची दुसरी नाही. तो वळणांचा घाट ती हसत चढेल. पण तिच्यात उभे राहता येत नाही. ज्याला कमरेत वाकता येत नाही त्याच्यासाठी डोक्यावरची उंची ही लांबीरुंदीपेक्षा मोठी गोष्ट. ट्रॅव्हलरचे उंच छप्पर येथेच उपयोगी पडले.

हे सगळे चालू असताना मी या मोटारघरांचा इतिहासही थोडा चाळला आणि माझ्या फजितीला फार प्रतिष्ठित पूर्वज आहेत असे आढळले. गॉर्डन स्टेबल्स या स्कॉटिश डॉक्टरने १८८५ साली हौशीसाठी बांधून घेतलेले फिरते घर हे या जातीतले आद्य समजले जाते. वीसेक फूट लांब, दोन घोडे जोडलेले. ते घेऊन हा गृहस्थ इंग्लंडपासून पार स्कॉटलंडच्या उत्तरेला गेला. पण धूड एवढे, की नोकराला तीनचाकी सायकलवर बसवून पुढे पाठवावे लागे, समोरून येणाऱ्यांना सावध करायला! आमचा क्लीनर पुढे चालत जाऊन "येऊ द्या, येऊ द्या" करत होता, तो याच परंपरेतला. दुसरा पूर्वज मला अधिक आवडला. जर्मनीतला आरिस्ट डेथलेफ्स हा विक्रीच्या कामासाठी गावोगाव हिंडणारा माणूस. त्याची सहचरी चित्रकार. ताटातूट नको म्हणून त्याने १९३१ साली मोटारीमागे ओढायचे एक लहानसे घर स्वतः बांधले. त्याने माप काढले ते डोकी मोजून नव्हे, तर आपल्याबरोबर कोण यावे हे पाहून.

पाण्याचे मात्र माझे गणित दुसऱ्यांदाही चुकले असते, सूनबाईंनी वाचवले. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो वजन. शंभर लिटरची टाकी भरली की एक धष्टपुष्ट पाहुणा छपराखाली बसवल्यासारखेच. मोठी टाकी हवी असा माझा आग्रह होता. त्यांनी विचारले, "बाबा, आंघोळी कोण करणार आहे गाडीत?" कोणीच नाही. तेवढे पाणी फक्त एका माणसाच्या सोयीसाठी, म्हणजे अर्धी टाकी पुरे. उलट जे पाणी आत जाते ते बाहेरही काढावे लागते; मैल्याची पेटी कोठे रिकामी करायची हे निघण्यापूर्वी ठरवले पाहिजे. आम्ही ती घरी आणून आपल्याच संडासात रिकामी केली. दिवाळी अंकात हे लिहू नये असे सौ.चे मत पडले. पण जो पहिल्यांदा गाडी घेईल त्याला हे कोणी सांगणार नाही.

स्वयंपाकाचा प्रश्न सौ.नीच निकालात काढला. ओट्यावर फक्त चहा. वांग्याचे भरीत आणि कळण्याच्या भाकरी घरून. चालत्या गाडीत वांगी भाजायला त्या काही जन्माला आल्या नव्हत्या. आणि चालत्या गाडीत कोणी उठायचे नाही, आडवे व्हायचे नाही, हा नियम चिरंजीवांनी घातला. आईला उठावेसे वाटले की गाडी आधी कडेला उभी करायची, मग दार.

अशा रीतीने गेल्या वर्षी भाऊबीज झाल्यावर तिसऱ्या दिवशी आम्ही पुन्हा निघालो. मोटारघरात आई आणि आम्ही दोघे. बाकीचे आमच्या मोटारीतून मागे. नातवंडांनी रडून घर डोक्यावर घेतले, तेव्हा एकेकाला पाळीपाळीने पट्टा बांधून आमच्याजवळ बसवायचे ठरले. गाडी थेट फाटकाशी आली. पायरी एक फुटाची होती, तिच्याखाली आम्ही देवघरातला जुना पाट ठेवला. आई स्वतः चढली. गॅलऱ्यांत कोणी नव्हते याचे मला थोडे वाईटच वाटले.

आईने गोळी घेतली होती. धुळ्याला पोचेपर्यंत गाडी पाच वेळा थांबली. एरंडोलच्या पुढे एका बाभळीखाली उभे असताना शेजारी उसाची बैलगाडी येऊन थांबली. गाडीवान बराच वेळ आमच्या गाडीकडे पाहत राहिला आणि म्हणाला, "ही तर दमणी आहे, बाबा."

मला हसू आले, पण आईने ते आतून ऐकले होते. दमणी आजच्या पोरांना माहीत नाही. हलकी, छपराची बैलगाडी; आखाजीला मुऱ्हाळी दमणी घेऊन यायचा आणि सासुरवाशिणीला माहेरी न्यायचा. आई सांगू लागली: दमणीत दोन बायका आणि दोन पोरे एवढेच मावायचे, वर कधी कोणी बसले नाही. तिला आणायला मामा आला की आधी धुळ्याकडून मावशीला घेऊन यायचा, आणि दोघी पारोळ्याच्या अलीकडच्या त्या गावी एकाच दमणीतून जायच्या. बैल थांबायचे कोठे, तेही ठरलेले. बायकांना उतरावे लागे म्हणून. "मुऱ्हाळी तोंड फिरवून उभा राहायचा," आई म्हणाली. "विचारायचा नाही, आणि सांगावे लागायचे नाही."

मावशीच्या गल्लीत गाडी शिरली, खांबापाशी दोन्ही बाजूंना हात हात जागा राहिली, आणि दाराशी उभी राहिली. आई त्या दिवशी मावशीकडे पाच तास बसली. मधे चारदा उठून गाडीत जाऊन आली. पाचव्या खेपेला मावशी काठी टेकत तिच्याबरोबर आली, पाटावर पाय ठेवून वर चढली, खाटेवर बसली, गादी दाबून पाहिली आणि मावसभावाला म्हणाली, माझी शाल आण.

मग काय, पुढचा बेत दोघींनी केला, आम्हांला नुसते कळवण्यात आले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या माहेरच्या गावाला. तेथे मामेभाऊ आहे, रस्ता शेवटचे पाच किलोमीटर एकपदरी, दोन्ही बाजूंना कपाशी. राजवाडा तेथे शिरलाच नसता. मामेभावाने अंगणात गाडी घ्यायला लावली, गोठ्यापाशी, जेथे पूर्वी दमणी सोडत असत.

दुपारी जेवणे झाल्यावर घरातल्या सगळ्यांनी आग्रह केला, आत खोलीत पडा, पंखा आहे. दोघी ऐकेनात. गाडीत जाऊन त्यांनी दार आतून लावून घेतले. एक खाटेवर, एक समोरच्या आसनावर. काय बोलत होत्या कोणास ठाऊक. मधूनच हसण्याचा आवाज येई, मधूनच काहीच नाही. नातू दोनदा दार वाजवून आला, त्याला आत घेतले नाही.

चारच्या सुमारास खिडकीची काच सरकली आणि आईचा हात बाहेर आला. हातात रिकामा तांब्या होता.

"भरून दे रे," ती म्हणाली. "विहिरीचे आण. नळाचे नको."